जास्वंदीवरचा कापूस

"कापूस हाय तो आक्का, लूमचा कापूस," नामा म्हणाला आणि खांद्यावरचा पंचा काढून त्याने जास्वंदीच्या फांदीवर दोनदा झटकला.

"काल पन झटकलास, परवा पन झटकलास," गॅलरीतल्या खुर्चीतून आक्का म्हणाल्या. "कापूस एवढा चिकट असतो का रे?"

"हां, हां," नामा म्हणाला आणि पुढच्या झाडाकडे वळला.

आक्कांनी काय विचारलं ते त्याला नीट ऐकूच आलं नव्हतं. तरुणपणाची सगळी उमेद त्याने लूमवर, यंत्रमागावर, घालवली होती. लूमच्या खात्यात कोणी कोणाचं ऐकत नाही, ऐकू येतच नाही. समोरच्याचे ओठ हलले की 'हां, हां' म्हणायचं, मान डोलवायची आणि आपल्या धाग्यावर नजर ठेवायची. समोरचाही खूश, आपणही मोकळे. भिवंडीतल्या निम्म्या पुरुषांची ही सवय. ते घरी आले तरी सुटत नाही. बायको भांडते आहे की जेवायला बोलावते आहे याचा पत्ता नसतो, पण मान आपली डोलते आहे. नामाला खातं सोडून बरीच वर्षं झाली होती. कान मात्र तिथंच राहिले होते. डावा तर निव्वळ शोभेपुरता होता.

आणि कापसाचं म्हणाल, तर त्यात नामाचा दोष काढता येणार नाही. भिवंडीच्या कामतघरात कापूस कशावर बसत नाही? वाळत घातलेल्या पापडावर बसतो, आमटीवर बसतो, पाळण्यातल्या पोराच्या भुवयांवर बसतो. आक्कांच्या मुलाचा, दौलतशेठचा, बंगला तर त्याच्याच लूमच्या शेडला लागून. मध्ये एक भिंत आणि भिंतीच्या कडेने जास्वंदीची रांग. शेडच्या झरोक्यातून उडालेला कापूस पहिल्यांदा त्या रांगेवर उतरायचा आणि मग बाकीच्या गावाला वाटला जायचा. तेव्हा झाडावर पांढरं दिसलं की पंचा झटकायचा, हे शिकायला नामाला कोणी गुरू करावा लागला नव्हता.

पण होळीच्या आगेमागे कळ्या गळायला लागल्या. शेंड्यांची पानं मुठीसारखी आवळली. खोडावरून मुंग्यांची ये-जा सुरू झाली. तेव्हा आक्का काठी टेकत स्वतः खाली आल्या. एका फांदीवरचा पांढरा पुंजका त्यांनी चिमटीत धरला, दाबला आणि ती चिमूट नामाच्या नाकासमोर धरली. बोटं तांबूस ओली झाली होती.

"कापसाला रगात असतं का, नामा?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

हे मात्र नामाला स्वच्छ ऐकू आलं.

नामा मूळचा दिघाशीचा. भाताशिवाय दुसरं पीक त्याला माहीत नव्हतं. लूमवर खोकला लागला तेव्हा दौलतशेठच्या वडिलांनी त्याला उचलून बंगल्याच्या बागेत टाकला आणि एका दिवसात माळी करून सोडला. "ज्याला दाना न्हाय, शेंग न्हाय, त्याला पानी कशाला पाजायचा?" असं तो पहिल्या दिवशी क्रोटनकडे बघून म्हणाला होता. त्याची बायको तुळजा त्याच बंगल्याचं अंगण झाडायची. आक्कांनी आपल्या माहेराहून, कोन गावाहून, जास्वंदीच्या फांद्या आणल्या आणि तुळजाने त्या भिंतीच्या कडेने खोचल्या. नामाने पाणी घातलं. ती रांग पुरुषभर उंच झाली. रोज सकाळी आक्कांच्या गणपतीला टोपलीभर लाल फुलं जायची, आणि फुलांचं ताट आलं नाही तर आक्का चहाला तोंड लावायच्या नाहीत.

त्यामुळे बागेत पावडर मारायला बंदी होती. दौलतशेठने एकदा कसली तरी पांढरी पावडर आणली होती, ती आक्कांनी डब्यासकट परत पाठवली. "देवाच्या डोक्यावर विष ठेवू का?" असं त्या म्हणाल्या. मग नामाने काढा केला. कडुनिंबाचा पाला, ओढ्याकाठची निरगुडी आणि कुटलेल्या सीताफळाच्या बिया. या बिया गावाकडे बायका पोरींच्या डोक्यातल्या उवांना लावतात, डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाला फडकं बांधून. जे उवेला मारतं ते झाडावरच्या किडीला का सोडील, हा साधा हिशेब. तंबाखू घालायचंही ठरलं होतं, पण गणपतीला विडीचा वास नको म्हणून ती राहिली.

काढा लागू पडला. असा लागू पडला की पुढे डॉक्टरांचे क्रोटन, पोस्टमास्तरांचे गुलाब, कोणाकोणाच्या कुंड्या, सगळीकडून बाटल्या घेऊन माणसं यायला लागली. 'नामाचा काढा' असं नावच पडलं. नामाही मग दोन बोटं वर चालायला लागला. "पाला काय, कोन पन उकळील," तो सांगायचा, "हात लागतो हात." तुळजा मागे उभी राहून बाटल्या भरायची आणि तोंडाने तिचं काहीतरी चालूच असायचं. तुळजा बोलायची फार. झाडताना बोलायची, ओतताना बोलायची, रात्री निजेपर्यंत बोलायची. नामा म्हणायचा, "हां, हां."

गेल्या साली गौरी उठल्या आणि तुळजा तापाने गेली. चार दिवसांचा ताप, आणि गेली. त्यानंतर खोलीत इतकं शांत झालं की नामाला वाटलं, आपला उजवा कानही गेला.

कीड आहे हे कळल्यावर नामाने काही फारसं मनावर घेतलं नाही. काढा होताच. त्याने पाला आणला, निरगुडी आणली, बिया कुटल्या, बागेच्या कोपऱ्यात तीन दगडांवर डबा चढवला. निमपट होईपर्यंत आटवलं, पंच्यातून गाळलं, डास मारायच्या फ्लिटच्या पंपात भरलं आणि संध्याकाळची उन्हं कलल्यावर पहिल्या झाडावर फवारा मारला.

थेंब पडले आणि घरंगळले. अळवावरचं पाणी जसं जातं तसे गेले. पांढरे पुंजके आपले कोरडे ठाक, जणू कोणी छत्री धरली होती.

नामा पंपाकडे बघत राहिला. मग डब्याकडे बघितलं. वास तोच होता. कडू तसाच होता, त्याने जिभेला लावून बघितला आणि थुंकला. रंग हिरवट काळा, नेहमीचा. त्याने पुन्हा मारला. पुन्हा घरंगळला.

दुसऱ्या दिवशी त्याने पाला दुप्पट घातला. मग वाटलं, आपण आधी निरगुडी टाकायचो का आधी निंब? की बिया शेवटी? की काढा रात्रभर मुरवायचो? इतकी वर्षं केलेली गोष्ट, आणि एकेक पायरी हातातून निसटायला लागली. डब्यासमोर उकिडवा बसून तो हात तसेच्या तसे हलवून बघायचा, म्हणजे हातांना तरी आठवेल. हात डब्यापर्यंत बरोबर जायचे, पाला टाकायचे, ढवळायचे. मग तो पाणी आणायला किंवा विडी ओढायला उठायचा, कारण नेहमी तेव्हाच उठायचा. परत येऊन बघतो तर काढा तयार. सगळं तर तेच होतं!

"देव कोपला असंल," तो आक्कांना म्हणाला.

"देवाला काय काम न्हाय, तुज्या काढ्यावर कोपायला?" आक्का म्हणाल्या. पण त्यांच्या ताटात त्या दिवशी तीनच फुलं होती.

दौलतशेठ माणूस वाईट नव्हता. धंद्याचा होता, एवढंच. वीजकपातीत अर्धा दिवस लूम बंद पडायचे म्हणून तो आधीच वैतागलेला होता आणि चार नवीन लूम घ्यायचे त्याच्या मनात होते. त्यांना जागा कुठून आणायची? त्याची नजर जास्वंदीच्या रांगेवर कधीपासून होती. भिंत पाडून रांगेच्या जागी शेड वाढवली की झालं. आक्का आडव्या यायच्या म्हणून थांबला होता.

त्या सकाळी तो दात घासत बागेत आला आणि निष्पर्ण फांद्यांकडे बघून म्हणाला, "आई, आता काय म्हणशील? झाडं मेली."

"मेली न्हायत. आजारी हायत," आक्का वरून म्हणाल्या.

"आजारी माणसाला पण किती दिवस ठेवतात इस्पितळात? अक्षय तृतीयेला मुहूर्त आहे नव्या लूमचा. मी गवंड्याला सांगून बसलोय."

"ज्या झाडाला फूल येतंय त्याला हात लावायचा न्हाय, दौलत. फूल न्हाय आलं तर तोड, मी बोलनार न्हाय."

"ठरलं," दौलतशेठ म्हणाला. मग नामाकडे वळून त्याने आवाज चढवला. "ऐकलंस ना नामा? अक्षय तृतीयेच्या आत फूल. आणि बाग गेली म्हणून घाबरू नकोस, शेडच्या दाराशी वॉचमनची ड्युटी देतो तुला."

"हां, हां," नामा म्हणाला. या वेळी त्याला सगळं ऐकू आलं होतं.

वॉचमनच्या ड्युटीचं त्याला काही वाटलं नाही. स्टूल टाकून बसायचं, त्यात काय वाईट? त्याला खुपलं ते वेगळंच. त्या फांद्या तुळजाने खोचल्या होत्या. दिघाशीच्या घरात तिचा वाटा नव्हता, चाळीची खोली भाड्याची, मूलबाळ झालं नाही. या जगात तुळजाच्या हातचं म्हणून जे काही उभं होतं, ते एवढंच होतं. आणि ते त्याच्या काढ्यावाचून मरत होतं. की त्याच्या काढ्याने?

मग उंटावरचे शहाणे जमले. शेडमधल्या प्रत्येकाकडे एकेक इलाज होता. कोणी म्हणालं राख टाक, कोणी म्हणालं हळद टाक, कोणी म्हणालं झाडाला जुनी चप्पल बांध. नामाने राख टाकली, हळद टाकली. चप्पलही बांधली असती, पण आक्का बघत होत्या.

इद्रिसभाई मात्र खरोखर डोक्याने विचार करणारा माणूस. आझमगढचा, नामाच्या वेळचा लूमवाला. जेवणाच्या सुट्टीत भिंतीपाशी येऊन त्याने फवारा मारताना बघितलं आणि म्हणाला, "चाचा, दवा तो ठीक है. टिकती नहीं है. इसको पकड़ चाहिए."

"पकड म्हंजे?"

"खळ! साइझिंग की खळ डालो ना. धागे पे चिपकती है, तो पत्ते पे नहीं चिपकेगी?"

नामाला हे एकदम पटलं. भिवंडीच्या माणसाला न पटून कसं चालेल? सुताला ताठपणा यायला साइझिंगमध्ये जी खळ लावतात, ती इथे पाण्यासारखी वाहते. इद्रिसभाईने बादलीभर आणून दिली. नामाने ती काढ्यात कालवली, पंपातून निघेना म्हणून कुंच्याने दोन झाडांना फासली. चिकटली, यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी उन्हाने वाळली आणि दोन्ही झाडं खादीच्या टोपीसारखी ताठ झाली. पान वाकवलं की कडकन मोडायचं. चौथ्या दिवशी त्या झाडांवर एक पान राहिलं नाही. कीड मात्र खळीखाली खुशाल होती.

इद्रिसभाई दोन दिवस भिंतीकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, "चाचा, भाभी क्या डालती थी?"

"ती कशाला काय टाकंल? मी करायचो," नामा म्हणाला. पण तो प्रश्न त्याच्या डोक्यात काट्यासारखा राहिला.

रविवारी तो एसटी धरून दिघाशीला गेला. तुळजाची बहीण गुणाबाई तिथे नांदत होती. तुळजाचं मन मोकळं करायचं ठिकाण म्हणजे गुणाबाई, काही असेल तर तिला ठाऊक असणार, असा त्याचा अंदाज. गुणाबाईने त्याला भाकरी वाढली, ताक दिलं, आणि त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं.

"दाजी, मना कसं ठाव असंल?" ती म्हणाली. "ती झाडांचं मना कंदी सांगत नसं. मी इचारलं तरी न्हाय."

"का?"

"म्हनायची, मी समदं घरी सांगतं. तुजा न्हवरा आयकत न्हाय, म्हनून तू माज्यापाशी येऊन रडतेस. माजा मानूस माजं समदं आयकून घेतो, असं म्हनायची." गुणाबाईने पदराने डोळे टिपले. "लय अभिमान होता तिला त्याचा. म्हनायची, कंदी उलटून बोलत न्हाय, मान हालवतो नि आयकतो."

गुणाबाईने नामाच्या उजव्या बाजूला बसून सांगितलं होतं, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायलाही सोय नव्हती.

परतीच्या एसटीत तो खिडकीला डोकं टेकून बसला आणि आठवायचा प्रयत्न करत राहिला. तुळजाचा चेहरा आठवत होता. ओठ हलत होते. हाताचे हावभाव आठवत होते, काहीतरी चोळल्यासारखे, काहीतरी ओतल्यासारखे. पण आवाज नव्हता. तिने सांगितलं होतं का? सांगितलं असलं तर किती वेळा? आणि आपण हां म्हणालो ते कशाला म्हणालो? त्याला आठवत होतं फक्त एक. सकाळी झाडून झालं की ती जास्वंदीच्या रांगेतून ओठांचा चंबू करून वाकत वाकत जायची, एकेका पानाशी तोंड नेत. त्याने एकदा हसून विचारलं होतं, "चूल पेटवतेस का काय?" तिने वळून काहीतरी उत्तर दिलं होतं. लांबलचक उत्तर. तेव्हा शेडमध्ये शिफ्ट सुरू होती. तो म्हणाला होता, "हां, हां."

अक्षय तृतीया जवळ आली. रांगेतली बरीच झाडं वाळून काटक्या झाली होती. बागेतल्या विहिरीकडच्या बाजूची तेवढी तग धरून होती. नामाने काढा करणं सोडलं नव्हतं. सोडून करणार काय? रोज उकळायचा, रोज मारायचा, रोज घरंगळताना बघायचा.

त्या शनिवारी संध्याकाळी शेजारच्या खोलीतली हौसा दारात आली. तिचा नवरा सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात, तिला दोन पोरी. तुळजाला ती मामी म्हणायची.

"मामा, मामीच्या डब्यात रिठं हायत का उरल्यालं? उद्या पोरींना न्हायला घालायचंय. बाजारात कसलं किडकं मिळतात."

"बग बाबा, खाटेखाली हाय डबा. मी तर उगडला पन न्हाय."

हौसाने खाटेखालून रॉकेलचा कापलेला डबा ओढला. काठोकाठ भरलेला होता. "अग बाई, एवढं!" ती म्हणाली. मग स्वतःच उमजून मान हलवली. "हां, यात झाडांचं पन हायत."

"कसलं झाडांचं?"

"म्हंजे? तुमच्या काढ्यात टाकायचं."

"काढ्यात रिठा न्हाय टाकत," नामा म्हणाला.

हौसा त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग कळलं की नाही.

"मामा, मामी आदल्या राती रिठं भिजत घालायची. सकाळी चोळून फेस काढायची आनि तांब्या भरून न्यायची बंगल्यावर. तुमी विडी वढायला उठला की डब्यात वतायची. म्हनायची, ती कीड मेणचट असती, नुसतं पानी तिला लागत न्हाय. रिठा असला म्हंजे काढा आंगाला धरतो. पैठणीचा मळ निघतो, मंग हिचा का न्हाय निघनार." हौसाचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. "समद्या चाळीला ठाव हाय, मामा. तुमाला न्हाय?"

आपण विडी ओढायला का उठायचो, हे नामाला आत्ता नव्याने आठवलं. तुळजाच म्हणायची, "जा, वाईच दम खाऊन या." हे वाक्य तेवढं त्याला ऐकू यायचं.

"तिनं मना सांगितलं न्हवतं का?" त्याने विचारलं. हा प्रश्न हौसाला विचारण्यात काही अर्थ नव्हता.

हौसाने पदरात मूठभर रिठे घेतले आणि उरलेला डबा हळूच त्याच्या पायाशी सरकवला.

त्या रात्री नामाने रिठे भिजत घातले. सकाळी टरफलं चोळली तर फेस कोपरापर्यंत आला. तो फेस बघून त्याला रडू फुटलं. एवढ्या दिवसांत फुटलं नव्हतं, चितेपाशीही नाही. फेसाच्याच हाताने डोळे पुसले आणि मग रिठा डोळ्यांत गेला, तेव्हा पोटभर रडायला निमित्तही मिळालं.

काढ्यात फेसाचं पाणी ओतलं आणि फवारा मारला. थेंब पुंजक्यावर पडले, थबकले, आणि हळूच आत शिरले. पांढरा रंग जाऊन मळकट झाला, जसा भिजलेला कापूस होतो तसा. नामा एकेका फांदीपाशी उभा राहून बघत होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्याखाली दुसरं इतकं काही साठलं होतं की तो आनंद कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

रिठ्याने मेलेलं झाड जिवंत होत नाही. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी गवंडी आले, दौलतशेठ आला, आक्काही काठी टेकत खाली आल्या. विहिरीकडच्या चार झाडांना पालवी फुटली होती आणि त्यातल्या एकावर एक कळी होती. उमललेली नव्हती, पण तिच्या टोकाला लाल दिसत होतं.

"ही कळी आहे, फूल नाही," दौलतशेठ म्हणाला.

"तू पोटात होतास तवा मी तुला मुलगाच म्हनत होतं," आक्का म्हणाल्या. गवंडी हसले. दौलतशेठही हसला. चार लूमच्या जागी दोन घालू, असं त्याने तिथल्या तिथे ठरवलं. वाळलेली झाडं तोडली. तोडताना नामा तिथेच उभा होता. कोणी त्याला बाजूला हो म्हणालं नाही. फांद्यांचा भारा त्याने बांधला आणि घरी नेला. त्यावर पुढे कितीतरी दिवस त्याचा भात शिजला.

नवी शेड उभी राहिली. तिची खिडकी नेमकी त्या चार झाडांवर उघडली. आता कापूस लांबून उडत यायची गरजच उरली नाही, खिडकीतून थेट झाडावर. पावसाळा सरला, ऊन तापलं, आणि एका सकाळी चारही झाडं पांढरी दिसायला लागली.

"नामा," आक्कांनी गॅलरीतून हाक मारली, "कीड हाय का कापूस?"

नामाने नेहमीप्रमाणे पंचा काढला आणि हात तसाच वर राहिला. पंच्याने झटकलं की कापूसही पडतो, कीडही थोडी पडते, दोन्ही पुन्हा येतात. मग कळायचं कसं? बोटाने दाबत बसलो तर संध्याकाळ होईल. तो झाडासमोर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर तुळजा वाकत वाकत रांगेतून चालली होती, ओठांचा चंबू करून, एकेका पानाशी तोंड नेत.

तो हळूहळू वाकला. तोंड पानाजवळ नेलं आणि फुंकर मारली. पांढरा पुंजका उडाला आणि तरंगत भिंतीपलीकडे गेला.

दुसऱ्या पानावर मारली. उडाला. तिसऱ्यावर मारली. नाही उडाला. नामाने पुन्हा जोर लावून फुंकलं, छातीतून खोकला आला, पुंजका जागच्या जागी होता. ते पान त्याने देठाशी दुमडून खूण केली आणि पुढे सरकला.

खिडकीतून इद्रिसभाईचं डोकं बाहेर आलं. नवा लूम त्याच्याकडेच होता. "क्या चाचा," तो हसत ओरडला, "चूल्हा फूँक रहे हो?"

नामा सरळ झाला. त्याने खिडकीकडे तोंड केलं आणि सांगायला सुरुवात केली. उडालं तर कापूस, न्हाय उडालं तर कीड. ती मेणचट असते, तिला नुसतं पानी लागत न्हाय. रिठं आदल्या राती भिजत घालायचं. चोळायचं. मग वतायचं. हे तुळजाचं हाय, माजं न्हाय. तो हातवारे करून सांगत होता, चोळल्यासारखे, ओतल्यासारखे. इतकं तो आयुष्यात कधी एका दमात बोलला नव्हता.

आत वीज आली. दोन्ही लूम एकदम सुरू झाले.

इद्रिसभाईने मान डोलवली. "हां, हां," त्याचे ओठ म्हणाले, आणि तो धाग्याकडे वळला.

नामा पुन्हा वाकला आणि पुढच्या पानावर फुंकर मारली.